बाष्पपंक

वाचनालयाच्या दारावरचा फलक वाचताना शर्मिष्ठाबाईंचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा रस्त्यावर, आणि तो रस्त्यावरचा पाय काही क्षण तिथेच राहिला. 'भव्य रंगभरण स्पर्धा. विषय : बाष्पपंक यंत्रमानव.' मागून येणाऱ्या एका बाईने एका हातात मुलगा आणि दुसऱ्या हातात रंगपेटी सांभाळत त्यांना वळसा घातला, तिच्या पिशवीचा कोपरा त्यांच्या गुडघ्याला घासून गेला, आणि तरीही बाई हलल्या नाहीत. शब्द सुबक अक्षरांत, निळ्यावर पिवळ्यात छापलेला होता. छपाईचा दोष म्हणावा तर तीही सोय नव्हती. कुणीतरी विचार करून तो घडवला होता. 'स्टीमपंक' या परक्या शब्दाचा पूर्वार्ध त्याने मोठ्या निष्ठेने संस्कृतात नेला होता आणि उत्तरार्धापाशी दमून, जसा कानावर आला तसा, देवनागरीत सोडून दिला होता. पण शब्द सोडून दिला म्हणून तो अर्थ सोडत नाही. बाष्प म्हणजे वाफ. पंक म्हणजे चिखल. पंकात जन्मते ते पंकज, हे सातवीतली मुलेही परीक्षेत लिहितात. म्हणजे आज सकाळी मालवणातली मुले वाफाळता चिखल रंगवणार होती आणि त्याची चौकशी करण्याचा अधिकार परीक्षक म्हणून शर्मिष्ठा वालावलकर यांना बहाल झालेला होता.

हे त्यांना हसू येण्यासारखे आहे हे त्यांना कळत होते. पुण्यातल्या कोशकार्यालयात असत्या तर हसल्याही असत्या त्या, आणि चहाच्या वेळेपर्यंत तो शब्द साऱ्या मजल्यावर फिरला असता. त्यांची उभी हयात 'प' या अक्षरात गेली होती. सहकारी त्यांना आपसांत 'पकारबाई' म्हणत आणि त्यांना ते माहीत होते. पंक, पंकिल, पंक्ती, पंख, पंखा : या रस्त्याने त्या इतक्या वेळा गेल्या होत्या की कोणत्या शब्दानंतर कोणता येणार हे त्यांना झोपेतही सांगता आले असते. पण इथे हसायला दुसरे कुणी नव्हते, आणि एकट्याने हसलेल्या हसण्याचा थोड्या वेळाने राग होतो. तसा तो झाला. थंड, स्वच्छ, नीट घडी केलेल्या कापडासारखा राग. त्यांनी रस्त्यावरचा पाय उचलला, पायरीवर ठेवला आणि त्या आत गेल्या.

राग शब्दापुरता नव्हता. महिन्यापूर्वी वाचनालयाचा कार्यवाह पुष्कर मालवणातच, मेढ्यातल्या त्यांच्या घरी आला होता. तारकर्लीला त्याची पर्यटकांच्या निवासाची चार खोल्यांची सोय, शिवाय नावेतून डॉल्फिन दाखवण्याचा धंदा. वाचनालय तो उरलेल्या वेळात, पण खऱ्या हौसेने चालवी, आणि हौसेशी भांडणे फार अवघड असते. त्याने मोबाइलवर चित्रे दाखवली. पितळी गालांचे, धुराड्याची टोपी घातलेले, एका डोळ्याला भिंग आणि पोटावर घड्याळाची साखळी लावलेले यंत्रमानव. दंडावर चाके, गुडघ्यात पट्टे, कानांतून वाफ. जगभरातली मुले म्हणे हे रंगवतात. कोरी पाने मिळवली आहेत, स्पर्धा घ्यायची, आणि ज्याचा पहिला नंबर येईल त्याचे चित्र मुखपृष्ठावर घालून रंगभरणाचे पुस्तक काढायचे आणि जिल्ह्यातल्या शाळांना वाटायचे. ओरोसच्या एका ट्रस्टने छपाईचे कबूल केले आहे. फक्त याला मराठीत काय म्हणावे ते बाईंनी सांगावे.

बाईंनी चित्रे बराच वेळ पाहिली होती. त्यांना ती वाईट वाटली नव्हती. हीच त्यातली अडचण होती. रेघ सफाईदार होती, चाकांचे दाते दात्यांत बसत होते, आणि ज्याने कुणी ती काढली होती त्याला यंत्रांविषयी प्रेम होते. पण सगळ्यांच्या पोटात आग होती आणि ती कुणी पेटवली याचा कुठेही मागमूस नव्हता. एका साम्राज्याने कोळसा जाळून जग वाटून घेतले, आणि शे-दीडशे वर्षांनी त्याच्या बाष्पकांना, म्हणजे बॉयलरांना, डोळे आणि गाल काढून ते मुलांच्या हाती रंगवायला दिले. पितळ चकचकीत आहे, पण घासणारा हात चित्राबाहेर. बाईंचे आजोबा कंपनीच्या आगबोटीवर आगवाले होते. भट्टीत फावड्याने कोळसा लोटणाऱ्याला या किनाऱ्यावर तेच नाव होते, आणि या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतून तसे आगवाले गेले. आजोबा त्यांनी पाहिले ते परत आलेले. भर मे महिन्यातही त्यांना थंडी वाजे आणि ते परसातल्या चुलीजवळ घोंगडीत बसत. पाठीच्या कातडीखाली कोळशाचे कण कायमचे रुतलेले होते, निळसर, बारीक, गोंदल्यासारखे. लहानगी शर्मिष्ठा त्या ठिपक्यांवरून बोट फिरवी, एकाला एक जोडी आणि त्यांतून कधी मासा, कधी होडी काढी. आजोबा हलत नसत. 'काय केलंस गो?' असे मात्र विचारत, आणि मासा म्हटले तर कोणचा मासा तेही विचारत.

म्हणून त्यांनी पुष्करला शब्द दिला होता : आगवाला. भाषांतराने घडवलेला नव्हे, या किनाऱ्याने घाम गाळून कमावलेला. हे तुमचे पितळी साहेब, त्यांना आमच्या माणसाचे नाव द्या. तेवढा तरी हिशेब फिटू दे. हे त्यांनी पुष्करला सांगितले नव्हते. त्याला फक्त शब्द, त्याचा अर्थ आणि उपयोगाची दोन उदाहरणे सांगितली. पुष्करने मान डोलावली, चहा संपवला आणि पडवीतून उतरताना म्हणाला, "बाई, आगवालो म्हटल्यार लोक पाण्याचो बंब घेवन येतले."

बाई हसल्या नव्हत्या. विनोद चांगला होता, हे त्यांनी त्याही वेळी मनात नोंदवले होते, आणि चांगल्या विनोदाने हरलेला मुद्दा परत मिळवता येत नाही हेही. पण त्यानंतर हे येईल असे त्यांना वाटले नव्हते. आगवाल्याला नाकारून चिखल.

सभागृहात मुले मांडी घालून बसत होती. भिंतीवर नमुन्याचे एक पान रंगवून लावले होते : सोनेरी धड, तांबडी टोपी, निळी वाफ. पुष्कर त्यांना 'मॅडम' म्हणत पुढे आला. चारचौघांत तो मॅडम म्हणे आणि घरी बाई. त्याने त्यांना आतल्या ग्रंथपालाच्या खोलीत बसवले, पंखा लावला आणि शहाळे आणायला कुणाला तरी पिटाळले. दुसऱ्या परीक्षक सँड्रीना फर्नांडिस, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या, बाहेरच थांबल्या, कारण मुलांना सूचना त्या वाचून दाखवणार होत्या. मधल्या लाकडी भिंतीतून त्यांचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. वर्गावर बोलून बोलून रुंद झालेला, चढउतार नसलेला आवाज. मग मुलांचा गलका, मग एक मोठे हसू, मग शांतता. ते हसू कशाचे हे पाहायला बाईंनी उठायला हवे होते असे नंतर म्हणता आले असते. तेव्हा त्या मनातल्या मनात भाषण रचत होत्या.

भाषण उत्तम होत होते. त्याला तीन अंगे होती. पहिले, शब्द ही सजावट नसते, सूचना असते, आणि मुले सूचना मोठ्यांपेक्षा गंभीरपणे घेतात. दुसरे, अर्धे भाषांतर हे न केलेल्या भाषांतराहून वाईट, कारण न केलेले निदान परके दिसते. तिसरे अंग अजून सापडायचे होते, पण ते सापडेल याची त्यांना खात्री होती. नेहमी सापडत असे. लिहिताना, बोलताना, वाद घालताना त्यांना आपल्या वाक्यांचा तोल आधी जाणवे आणि आशय त्यात मागाहून येऊन बसे, एखाद्या राखून ठेवलेल्या खुर्चीवर येऊन बसावा तसा. कोशकार्यालयातल्या पहिल्या आठवड्यात असे नव्हते. तेव्हा त्या, घाबरलेल्या, नव्या साडीतल्या, कुणाशी तरी बोलताना 'माझी त्यांच्याशी वळक आहे' असे म्हणून गेल्या होत्या. समोरचा माणूस सज्जन होता. तो हसला नाही. त्याने पेन्सिल उचलली आणि शांतपणे विचारले, हे रूप तुमच्याकडे नियमित आहे का? म्हणजे 'ख' चा 'क' होतो का? दुखतेचे दुकता, ओळखचे वळक? त्यांनी हो म्हटले. त्याने टिपून घेतले. टिपून घेतले गेल्याची ती भावना हसण्यापेक्षा पुष्कळ वाईट होती. त्या दिवसापासून शर्मिष्ठा वालावलकरांच्या तोंडून एकही महाप्राण हरवला नाही. ख, घ, थ, भ : प्रत्येकाला त्याचा पूर्ण श्वास. निवृत्तीनंतर इथे परतल्यावरही बाजारात त्या पूर्ण श्वासाने भाव विचारत आणि कोळणी त्यांना पर्यटकांचा भाव सांगत.

सँड्रीना चित्रांचा गठ्ठा घेऊन आत आल्या तेव्हा बाईंना तिसरे अंगही सापडले होते. बाहेर मुलांना खाऊ वाटण्याचा आवाज चालू होता. सँड्रीनांनी चित्रे टेबलावर, खुर्च्यांवर आणि शेवटी पुस्तकांच्या कपाटासमोर जमिनीवर मांडली. बाईंनी चष्मा बदलला. पहिल्या नजरेत सोने दिसले. नमुन्यातले सोने, वेगवेगळ्या हातांनी घासलेले. दुसऱ्या नजरेत पंख. जिकडे पाहावे तिकडे पंख. छापील यंत्रमानवाच्या खांद्यांतून मुलांनी आपल्या हाताने पंख काढले होते : फुलपाखराचे, घारीचे, विमानाचे, क्रूसावरच्या देवदूताचे, आणि एकाने तर चक्क नारळाच्या झावळ्यांचे. बाईंनी ओठ घट्ट मिटले. मोबाइलवरच्या खेळांतून येते हे. ज्याला त्याला उडता आले पाहिजे. वाफेवर चालणाऱ्या, टनभर वजनाच्या लोखंडालाही. कल्पकता म्हणून आपण जिचे कौतुक करतो ती बहुधा नक्कलच असते, फक्त तिचा मूळ नमुना आपल्याला ठाऊक नसतो. असे काहीसे त्या बोलल्याही.

सँड्रीनांनी त्यांच्याकडे जरा चकित होऊन पाहिले. "पंक सगळ्यांनीच काढल्यानी," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांनी नाही," बाई म्हणाल्या. "एकीनेच."

कारण तोवर त्यांना ते दिसले होते. जमिनीवर, कपाटाच्या सावलीत, काहीसे गुंडाळले जाऊ पाहणारे एक पान. त्यात सोने नव्हते. छापील यंत्रमानव कमरेपासून खाली दिसतच नव्हता. त्याच्यावरून, त्याच्याभोवती, पोटावरून गालांपर्यंत खराखुरा चिखल सारवलेला होता, वाचनालयामागच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचा, काळपट तपकिरी, मध्येच शेवाळाचा तंतू असलेला. टोपीवरही चिखल होता. साखळी, चाके, मिश्या, सगळा साहेबी थाट त्याखाली गाडला गेला होता, आणि चिखलाच्या वर फक्त दोन गोल डोळे आणि सरळ वर जाणारी एक वाफेची रेघ. पानाचा वास येत होता. ओहोटीच्या वेळी व्हाळातून येतो तो, कुजक्या पानांचा आणि मिठाचा. बाईंना तो वास घशात जाणवला आणि त्याबरोबर एक निखळ, तरुण आनंद. शंभर मुलांत एका मुलीने फलक वाचला होता. अक्षरे नव्हेत, शब्द. पंक म्हणजे चिखल, हे तिला कुणीतरी शिकवले होते किंवा तिने शोधले होते, आणि त्यावर विश्वास ठेवून ती उठून बाहेर जाऊन चिखल घेऊन आली होती. पानाच्या वळलेल्या कोपऱ्यावर मागच्या बाजूचे नाव दिसत होते : गौरजा. इयत्ता पाचवी.

पुष्कर आला आणि त्याला अर्थातच तो वास आधी आला. त्याची हरकत सौम्य, सभ्य आणि सर्व बाजूंनी योग्य होती. नियमात खडू आणि जलरंग म्हटले आहेत. मुलीकडे रंग होते, चांगली नवी पेटी होती, तिने ती उघडली नाही. ओला चिखल, छपाईसाठी चित्र यंत्राखाली कसे ठेवायचे? आणि मुखपृष्ठ म्हणजे मुखपृष्ठ, ते शाळेच्या टेबलावर लखलखले पाहिजे. त्याने यज्ञेश नावाच्या मुलाचे चित्र पुढे केले. त्यात सोने अगदी सांभाळून, रेघेच्या आत भरले होते आणि पंख खरोखर देखणे होते, तांब्याच्या पत्र्यांचे, एकेक खिळा दाखवलेले. हे चांगले आहे, बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी भाषण केले.

ते त्यांनी उभे राहून केले. आवाज चढवला नाही. पंक शब्दाची कुळकथा सांगितली, तो वेदांपासून भजनांपर्यंत कसा आला ते सांगितले, अर्ध्या भाषांतराच्या पापावर थोडे थांबल्या, आणि तिसऱ्या अंगापाशी आल्या तेव्हा पुष्करची मान खाली गेलेली होती. तिसरे अंग असे होते : तुम्ही शब्दात चूक केलीत, आणि त्या चुकीला अर्थ द्यायचे काम एका दहा वर्षांच्या मुलीवर पडले. तिने ते केले. तुमच्या चकचकीत साहेबाला तिने तुमच्याच शब्दाने चिखलात बसवले. या खोलीत काय, या साऱ्या उपक्रमात वाचणारी व्यक्ती ती एकटी आहे, आणि तुम्ही तिला बाद करायला निघाला आहात, नियमाने. हे चित्र बाद झाले तर परीक्षक म्हणून माझे नाव कुठेही येता कामा नये, आणि ते का आले नाही हे मी लिहून कळवीन. ओरोसलाही.

पुष्करने घाम पुसला. तो चिडला नव्हता, आणि हे बाईंना किंचित खुपले. तो म्हणाला की मॅडमचे म्हणणे त्याला पटते आहे, शब्द चुकला हे तर उघडच आहे, पण मुलीच्या मनात हे सगळे होते का, ते तिलाच विचारलेले बरे नाही का? ती बाहेरच आहे, आईची वाट बघत.

"विचारा," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या. त्यांना आता काहीच सिद्ध करायचे उरले नव्हते.

गौरजा आली. दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, हातात अर्धा खाल्लेला लाडू. तिने तो लाडू पाठीमागे नेला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मोठी माणसे हुशार प्रश्न विचारायच्या बेतात असली की मुले जशी सावध होतात तसा सावधपणा होता. शर्मिष्ठाबाईंनी तिला जवळ बोलावले आणि आपल्या नितळ, पूर्ण श्वासाच्या मराठीत विचारले, की बाळ, चिखलच का घ्यावासा वाटला? पंक म्हणजे काय, हे तुला कुणी सांगितले होते?

मुलीने सँड्रीनांकडे पाहिले, हा प्रश्न खरोखरचा आहे की गंमत, हे ताडण्यासाठी. सँड्रीनांनी 'सांग' अशी मान हलवली.

"पंक म्हणजे पंक," गौरजा म्हणाली. "पाकराक आसतत ते."

"आणि चिखल?"

"चिकल म्हणजे चिकल."

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते असे बाईंना वाटून गेले. एका क्षणी त्यांना भिंतीपलीकडचा सकाळचा तो रुंद आवाज ऐकू आला, या वेळी शब्दांसकट. बाष्पपंक, वाफेचे पंक, पंक असलेला यंत्रमानव. मग त्यांनी जो आवाज नुसता ऐकला होता तो मुलांचा गलका, ते मोठे हसू : धुराड्याला पंक! आणि मग जमिनीवर पसरलेली ती सगळी पाने, घारीचे, फुलपाखराचे, झावळ्यांचे पंख. कुणीही मोबाइलवरून उचललेले नव्हते. सगळ्यांनी सूचना पाळली होती, अक्षरशः. या किनाऱ्यावर दुखते त्याला दुकता म्हणतात आणि ओळखीला वळक, आणि पंखाला पंक. बाष्पपंक हा शब्द वाचून या गावात एकाच माणसाला चिखल आठवला होता आणि ते माणूस या गावातच जन्मले होते. 'प' मध्ये हयात घालवून. अनेक वर्षांपूर्वी पेन्सिल उचलणाऱ्या त्या सज्जन माणसाच्या जागी त्यांना स्वतः बसलेले दिसले, आणि समोर, नव्या साडीत, आपणच. फरक एवढाच की त्याला निदान ऐकू आले होते.

"मगे चिकल कित्याक गो?" सँड्रीनांनी विचारले. त्यांनी ते इतके सहज विचारले की मुलगी त्यांच्याकडे वळली आणि तिचे बोलणे सुटले.

"तो उडलो, आनि व्हाळात पडलो. तेच्या पोटात आग आसा मां, ती पाण्यान इजली असती. म्हणान तेने पंक पोटार घट धरल्यान. चिकल पंकांक लागलो. पोटाक लागाक नाय."

शर्मिष्ठाबाईंनी वाकून पान उचलले. आतापर्यंत त्यांनी ते उचलले नव्हते. त्याच्यावर त्या इतके बोलल्या होत्या, त्याची कुळकथा त्यांनी वेदांपर्यंत नेली होती, आणि त्याला त्यांचा हात लागला नव्हता. पान जड होते, ओले, मधोमध वाकणारे. त्यांनी ते खिडकीकडे धरले. ज्याला त्या चिखलाचा ढीग समजल्या होत्या त्याला कडा होत्या. ओल्या चिखलात बोटांनी ओढलेल्या रेघा, एकीवर एक, नखाने बारीक केलेल्या, खांद्यापासून खाली येणाऱ्या : पिसे. दोन मोठे पंख, पुढे घेतलेले, एकमेकांवर चढवलेले, थंडीत घोंगडी ओढून बसावे तसे. आणि जिथे ते दोन पंख एकमेकांवर येत होते तिथे एक फट होती, बोटभरही नाही. त्या फटीत कोरा कागद होता आणि त्या कोऱ्या कागदावर, साऱ्या पानात एकाच ठिकाणी, खडूने भरलेला लाल. म्हणजे पेटी तिने उघडली होती. एकदा.

त्यांना वाटले होते की चिखलाने त्या यंत्राची लाज काढली आहे. इथे लाज नव्हती. कुणीतरी आपली आग विझू देत नव्हते, एवढेच होते, आणि त्यासाठी फावडे घेऊन दुसऱ्या कुणाला भट्टीपुढे उभे केलेले नव्हते.

पुष्कर खोकला. तो सभ्य माणूस होता आणि जिंकण्याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो फार हळू बोलला. म्हणजे मॅडम, शब्दाचा जो मुद्दा होता, तो आता तसा राहत नाही. सगळ्यांनीच पंख केले आहेत. तेव्हा पंखांतच बघायचे झाले तर यज्ञेशचे पंख...

"माझा मुद्दा चूक होता," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. असे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात उच्चारले नव्हते, आणि ते इतके लहान असते याचे त्यांना नवल वाटले. "पहिला नंबर हिचाच."

"पण मग कारण काय द्यायचं, मॅडम? नियम आहे, पत्रकात कारण..."

बाईंनी कारण शोधले. सवयीने शोधले. तोल धरलेले एक वाक्य आलेही, त्यात आगवाले होते, साम्राज्य होते, आणि ते चांगले होते. त्यांनी ते जाऊ दिले. "कारण नाही. चित्र चांगलं आहे. तुम्ही बघा."

आणि त्याने पाहिले, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पान त्याच्या नाकाशी आले तरी तो मागे सरला नाही. त्या फटीपाशी त्याची नजर थांबली. सँड्रीना म्हणाल्या की त्यांचा पहिला नंबर सकाळपासून याच चित्राला होता, मुलगी मागच्या दाराने व्हाळावर गेली तेव्हा त्यांनीच दार उघडून दिले होते. बाई आश्चर्याने वळल्या, तर त्या म्हणाल्या, "तुमी माका विचारूकच नाय." त्यात टोमणा होता आणि तो लपवण्याची त्यांनी तसदी घेतली नाही. बाईंनी तो मुकाट्याने घेतला. भाषण करणाऱ्याला ऐकून घेणारे हवे असतात, दुसरा परीक्षक नको असतो.

मग सगळे पटकन सोपे झाले. पुष्करने हिशेब बांधला की चित्र सरळ वरून फोटो काढून घेता येईल, ओले असले तरी. यज्ञेश दुसरा. आणि बाईंना काहीतरी द्यावे असे त्याच्या मनाने घेतले. मुद्दा जिंकून निकालात हरलेल्या माणसाची ती जुनी कोकणी रीत होती, पानावर शेवटी काहीतरी गोड वाढायची. तो घरच्या बोलीवर आला. फलक चुकला तो चुकला, पण पुस्तक छापायचे आहे अजून, तेव्हा मुखपृष्ठावर बाईंचाच शब्द घालू. आगवाला. जाड अक्षरात. "बंबवाले इले तर इले," तो म्हणाला. "मी बघून घेतंय."

आगवाला. तो शब्द तिथे टेबलावर ठेवल्यासारखा झाला, त्यांचा हक्काचा, न मागता परत आलेला. परसातली चूल, घोंगडी, पाठीवरचे निळे ठिपके, या सगळ्यासकट. महिनाभर त्यांना दुसरे काही नको होते. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत मुले तो वाचतील, मोठ्यांना विचारतील, एखाद्या घरात एखाद्याला आपला पणजा आठवेल. या मोहाला त्यांनी त्याचा पूर्ण वेळ दिला. मग त्यांनी तो शब्द या चित्राखाली ठेवून पाहिला, आणि तो बसेना. आगवाला दुसऱ्याची भट्टी पेटती ठेवतो. हा दुसऱ्याचा नव्हता. याला नाव होते, सकाळपासून होते, दारावर पिवळ्या अक्षरांत टांगलेले, आणि व्याकरणानेही त्याला बोट लावण्याचे कारण उरले नव्हते. ज्याचे पंख वाफेचे आहेत तो. बहुव्रीही. उत्तम समास.

"नको," त्या म्हणाल्या. "रवांदे. बाष्पपंकच रवांदे."

'ख' साठी राखलेला श्वास कुठे गेला ते त्यांना कळलेही नाही. पुष्करने एकदम वर पाहिले. इतक्या दिवसांत बाईंना त्याने असे बोलताना ऐकले नव्हते. मग तो जरा बावरून म्हणाला की पण लोक म्हणतील, शुद्धलेखन... पंख तरी करूया. दुरुस्त करून.

"दुरुस्तच आसा," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या.

बाहेरून गौरजाच्या आईने हाक मारली. मुलीने उरलेला लाडू तोंडात कोंबला, दारापर्यंत गेली आणि तिथून मागे वळून तिने बाईंच्या हातांकडे पाहिले. पान त्यांनी उजेडासाठी अजून खिडकीशी उभे धरले होते, आणि पिसांच्या टोकांना चिखलाचा एक थेंब जमत होता.

"आडवां धरा तां," ती तोंडातल्या लाडवातून म्हणाली. "पंक अजून सुकूक नाय."

शर्मिष्ठाबाईंनी पान आडवे केले, दोन्ही तळव्यांवर घेतले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.